दोन सीटची गाडी

गाडी ट्रकमधून उतरवून दारात उभी केली, तेव्हा आबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. वाकून पोटाखाली बघितलं, लांबलचक बॉनेट बोटाने वाजवून पाहिलं आणि मला विचारलं, "किती सीट बसतात हिच्यात?"

"दोन," मी म्हणालो.

"डायवर धरून?"

"ड्रायव्हर धरून."

"मंजी एकच की," आबा म्हणाले आणि आत जाऊन चहा प्यायला बसले.

आबा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी पाथरी ते मानवत जीप चालवली. जीपच्या धंद्यात माणसाला माणूस म्हणत नाहीत, सीट म्हणतात. पोत्यावर बसलेली म्हातारी सीट, मागे लटकलेला पहिलवान सीट, आणि कडेवरचं पोर अर्धी सीट. आमच्या जीपमध्ये किती सीट बसायच्या याचं उत्तर आबांनी कधीच आकड्यात दिलं नाही. "बसतील तेवढ्या," हे त्यांचं उत्तर होतं. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तिघे आणि उजव्या हाताला, म्हणजे दाराच्या बाजूला, एक अर्धा आत अर्धा बाहेर. या सगळ्यांच्या मधोमध आबा अंग चोरून, एक खांदा पुढे काढून, कसे कोण जाणे गाडी चालवायचे.

त्यांचे नियम दोनच होते. रस्त्यावर हात केलेल्या माणसाला सोडून पुढे जायचं नाही, हा पहिला. आणि घरचं माणूस टपावर, हा दुसरा. आई माहेरी निघाली तरी मागच्या फळीवर पोत्याला टेकून बसायची. मी तर शाळेची सगळी वर्षं टपावरच काढली. जागा ही गिऱ्हाइकाची, आपण घरचे, आपल्याला काय, असं आबांचं म्हणणं. त्यामुळे जीप आमची असूनही तिच्यात पुढे, आबांच्या शेजारी, मी एकदाही बसलो नाही. उजव्या हाताची सीट उतरली की, टपावरून खाली वाकल्यावर, दाराबाहेर आलेलं त्यांचं कोपर तेवढं दिसायचं. लहानपणीचे आबा म्हणजे मला ते कोपरच आठवतं.

आता मी परभणीला कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, केस पांढरे झालेत, आणि आबा आमच्याकडे राहतात. आई गेली, त्याच सुमारास जीपही भंगारात गेली. कशाचं दुःख जास्त, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. नंतर त्यांच्या डोळ्यांचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते असं काही झकास झालं की समोरच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीचा नंबर आबा माझ्याआधी वाचायला लागले. पण त्या डोळ्यांचं करायचं काय? दिवसभर ओट्यावरच्या खुर्चीत बसून ते येणाऱ्याजाणाऱ्या रिक्षांना नावं ठेवायचे. फाटकाबाहेर पाऊल टाकायचे नाहीत. चला, फिरून येऊ म्हटलं की म्हणायचे, "कुठं? जायाला काम लागतं." रिक्षात मागे बसायचे नाहीत, कारण मागे बसणं हा त्यांना अपमान वाटायचा. माझ्या मोटारसायकलवर तर मुळीच नाही. मला भीती वाटायला लागली होती. माणूस खुर्चीत बसून बसून हळूहळू खुर्चीच होऊन जातो, हे मी शेजारच्या दोन घरांत पाहिलं होतं.

म्हणून मी गाडी घेतली. हे बायकोला सांगितलं तेव्हा ती हसली. "आबांसाठी? आणि कॉलेजात असल्यापासून कपाटाच्या दाराला आतून जो फोटो चिकटवलाय, तो कुणासाठी?" ती म्हणाली. बरं, अर्धं माझ्यासाठी. उघड्या टपाची, दोन दारांची, जमिनीलगत पळणारी विलायती गाडी आपण चालवावी ही हौस मला फार जुनी होती. पण दुसरं अर्धं खरं होतं. चार माणसांची गाडी मी घेऊ शकलो असतो, सगळ्यांनी तोच सल्ला दिला होता. मी मुद्दाम दोन सीटची घेतली. एक माझी, एक आबांची. वर टपच नाही, त्यामुळे कुणाला टपावर जायचा प्रश्न नाही. तिसरा आला तर त्याला जागाच नाही. बेत अगदी पक्का होता, फक्त तो आखताना मी आबांना विचारात घेतलं नव्हतं.

गाडी मिळाली हैदराबादला, एका म्हाताऱ्या दंतवैद्याकडे. त्यांच्या बापाची होती. रंग गडद हिरवा, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, आणि दारांना बाहेरून कडीच नाही. आत हात घालून एक पट्टा ओढायचा, मग दार उघडतं. किल्ली देताना त्यांचा हात जरा रेंगाळला. "लेके जाव मियाँ," ते म्हणाले, "पन बारिश में नक्को निकालो, छत का कपड़ा गल गया." किंमत किती ते मी इथे लिहिणार नाही, कारण बायको वाचते.

परभणीत आमच्या गल्लीने गाडीचं जे स्वागत केलं ते मी विसरणार नाही. समोरच्यांनी विचारलं, बाकीची गाडी मागून येणार आहे का. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने, अपघात कुठे झाला, अशी हळहळ केली. एका भल्या माणसाने तर, वरून पत्रा ठोकून घ्या, ओळखीचा वेल्डर आहे, म्हणून मला हाताला धरून न्यायची तयारी केली. मी चिडलो. मला पटकन चिडायची सवय आहे आणि या गाडीने तिला भरपूर खुराक पुरवला. ज्याने त्याने येऊन टायरला लाथ मारायची आणि म्हणायचं, "सर, ॲव्हरेज काय देती?" या गाडीला ॲव्हरेज विचारणं म्हणजे लग्नात नवरीला तिचं वजन विचारणं, हे मी किती जणांना समजावणार?

पहिल्या रविवारी एकटाच निघालो. चौकड्यांची टोपी घातली, चामड्याचे हातमोजे घातले. फोटोत तसं होतं. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून बघत होती. पिंगळीपर्यंत मी गेलो आणि खरं सांगतो, त्या अर्ध्या तासात मला जे सुख झालं ते आधी कशाने झालं नव्हतं. रस्ता इतका जवळ की हात खाली सोडला तर डांबराला लागेल. दोन्हीकडे कापूस फुटलेला, तोंडावर वारा, आणि इंजिनाचा असा घुमारा की शेतातले बैल मान वर करून बघत होते. पिंगळीला स्टेशनाजवळ चहाला थांबलो. चहा पिऊन आलो तर गाडीत दोन माणसं बसलेली. त्यांना कुठे जायचं नव्हतं. "उगं बसून बगायलाव," त्यातला एक म्हणाला. "निवांत हाय." त्यांना उठवायला मला चहापेक्षा जास्त वेळ लागला. मग गाडी सुरू होईना. तेव्हा त्याच दोघांनी धक्का दिला, त्यामुळे मला त्यांना काही बोलताही आलं नाही.

आबा मात्र ओट्यावरून हलेनात. दर रविवारी मी म्हणायचो, "चला आबा," आणि ते म्हणायचे, "तू जाऊन ये." शेवटी बायकोने तोड काढली. माझ्यासमोरच त्यांना म्हणाली, "आबा, यांचा हात काही नीट बसलेला नाही त्या गाडीवर. मला बाई काळजी वाटते. तुम्ही एकदा शेजारी बसून बघता का, कुठे चुकतंय ते?"

आबा उठले. टोपी घातली, चप्पल चढवली. बायको माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसली. माझ्या चालवण्याबद्दल तिने जे सांगितलं ते खोटंच होतं, पण त्या वेळी मी वाद घातला नाही.

गाडीत बसणं हाच एक कार्यक्रम झाला. सीट इतकी खाली की आबांनी आधी एक पाय आत टाकला, मग दुसऱ्याचं काय करायचं हे ठरेना. "बसायचं का निजायचं हिच्यात?" ते म्हणाले. मी त्यांना धरून हळूहळू खाली सोडलं. बसल्यावर त्यांचं डोकं तेवढं दारावर दिसत होतं. मग आम्ही निघालो आणि आबांनी गाडी चालवायला सुरुवात केली. म्हणजे स्टिअरिंग माझ्या हातात होतं एवढंच. "क्लचवरचा पाय काढ. गिअर दुखायलाय तिला. आरं, खड्डा बगून चालव, त्यो काय आपल्या बापाचा हाय का?" गतिरोधकावर गाडीचं पोट खर्रकन घासलं तेव्हा त्यांनी असे डोळे मिटून घेतले की मलाच लागल्यासारखं झालं.

पण गाव मागे पडलं आणि पाथरीच्या रस्त्याला गाडी जरा मोकळी सुटली तेव्हा आबा गप्प झाले. मी चोरून डावीकडे बघितलं. त्यांनी टोपी काढून मांडीखाली दाबली होती, उरलेसुरले केस वाऱ्यावर उडत होते आणि कोपर दाराबाहेर आलं होतं. तेच कोपर. मला इतका आनंद झाला की मी विनाकारण भोंगा वाजवला. त्याचा आवाज पिप् असा आला.

"थांब," आबा म्हणाले.

"काय झालं?"

"सीट हाय."

मला कुणी दिसेना. रस्ता सरळ होता आणि रिकामा होता. चांगलं दूर, दोन शेतं ओलांडल्यावर, बाभळीच्या सावलीत एक म्हातारी टोपलं घेऊन बसलेली दिसली. आबांनी तिला कुठून हेरली होती, देव जाणे.

"आबा, जागा कुठाय?" मी म्हणालो.

"थांबव तर."

मी थांबवली. आबांनी आतला पट्टा ओढला, दार उघडलं, दोन्ही हात टेकून कण्हत कण्हत स्वतःला वर काढलं आणि म्हातारीला म्हणाले, "बस माय. कुठं जायलीस?" ती मानवतला जात होती. आबांनी तिला आत सोडली, टोपलं तिच्या मांडीवर दिलं, दार लावलं आणि त्यावर दोन थापा मारल्या. जीपच्या पत्र्यावर मारायचे तशाच. "मानवतला सोडून ये. मी हितंच हाय," ते मला म्हणाले.

असा मी, चौकड्यांच्या टोपीत आणि चामड्याच्या हातमोज्यांत, एका अनोळखी म्हातारीला घेऊन मानवतला गेलो. तिने एका हाताने टोपलं धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने माझं मनगट. गिअर बदलायचा म्हटलं की आधी तिची परवानगी घ्यावी लागायची. "लेकरा, गाडीचा वरला भाग कुठं उडाला रं?" तिने मोठ्या मायेने विचारलं. उतरताना तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि आता घरी जाऊन टप बसवून घे म्हणून बजावलं.

परत बाभळीपाशी आलो तर आबांच्या शेजारी तीन माणसं उभी होती.

त्या दिवशी मी किती खेपा केल्या ते आठवत नाही, आठवावंसंही वाटत नाही. आबा बाभळीखाली उभे राहून हाळी देत होते, "मानवत, मानवत, मानवत! चला, निघाली, निघाली!" आवाज पूर्वीसारखाच खणखणीत. मी एकाला सोडून यायचो तोवर दोन नवे जमलेले असायचे. एक फेटेवाले आजोबा मात्र डाव्या बाजूला गेलेच नाहीत. सरळ माझ्या बाजूला आले, आत हात घालून माझं दार उघडलं आणि म्हणाले, "सरक जरा तिकडं." सगळा जन्म जीपने हिंडलेला माणूस. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला एक सीट असतेच, हे त्यांच्या अंगात मुरलेलं.

"कुठे सरकू आजोबा? इथे एकाचीच जागा आहे. तुमची जागा तिकडे, डावीकडे, रिकामी आहे की."

"तिकडं बाया बसतात," आजोबा म्हणाले. ते माझ्याकडे निरखून बघत राहिले आणि मग आबांना ओरडून म्हणाले, "आरं, ह्यो कसला डायवर आणला? एवढा ऐसपैस बसून कोन गाडी चालवतंय का?"

आबांनी ओशाळून मान हलवली. "नवा हाय," ते म्हणाले.

घरी आल्यावर आबा चक्क दोन भाकरी जेवले आणि सूनबाईला सगळी हकीकत दोनदा सांगितली. बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बघा, कामाला आली की नाही तुमची गाडी?" आली होती, हे खरंच. माणूस खुर्चीतून उठला होता. पुढच्या रविवारी मी उठायच्या आत आबा अंघोळ करून, टोपी घालून, गाडीजवळ उभे. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही. पण दर रविवारी तेच व्हायला लागलं. गाव मागे पडलं की आबांची नजर रस्त्याच्या कडेला लागायची, कुणीतरी दिसायचंच, आणि आबा उतरायचे. माझ्या शेजारी आबा बाभळीपर्यंत, कधी तिच्याही अलीकडेपर्यंतच असायचे. पुढे सगळा प्रवास दुसऱ्याच कुणाबरोबर.

या दुसऱ्या कुणांमध्ये एक पक्का होता. मानवत ओलांडल्यावर लागणाऱ्या आमच्या मूळ गावच्या फाट्यावर मेंढ्या-शेळ्या राखणारा एक म्हातारा, काठी आणि घोंगडी घेतलेला. त्याची लेक पाथरीला दिली होती आणि नातवाला दूध म्हणून तो लेकीकडे शेळी पोचवायचा. ती आटली की परत आणायचा आणि दुसरी पोचवायचा. एसटीवाले शेळीला घेईनात, जीपवाले कुरकुर करायचे. पहिल्यांदा तो बाजारातून नवी शेळी घेऊन बाभळीपाशीच भेटला, तेव्हा आबांनी त्याला सांगितलं, "आपली घरचीच गाडी हाय. फाट्यावर उबा ऱ्हात जा." म्हातारा बसला, शेळी त्याच्या मांडीवर उभी राहिली आणि तिचं तोंड बरोबर माझ्या कानाशी आलं. मानवत गेल्यावर तिने माझा डावा हातमोजा खाल्ला. मी गिअर टाकायला तो काढून ठेवला होता. म्हाताऱ्याने तिच्या जबड्यात बोटं घालून मोज्याचा अंगठा तेवढा परत मिळवला आणि मोठ्या प्रामाणिकपणे माझ्या हातात दिला. "चामडं हाय, पचंल तिला," तो म्हणाला. त्याला शेळीची काळजी होती. तेव्हापासून मानवतची सीट उतरवली की मी फाट्यावर जाऊन त्यालाही न्यायचो. पुढच्या खेपेला तिच्या बहिणीने टोपीचा शेंडा खाल्ला.

मग आला भोंगा. जीप भंगारात देताना आबांनी तिचा भोंगा तेवढा काढून घेतला होता आणि पेटीत धोतरात गुंडाळून ठेवला होता. एका दुपारी कॉलेजातून आलो तर मेकॅनिक माझ्या गाडीच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत आत, आणि आबा बाजूला उभे. "तुझ्या पिप्‌नं कुनी हलत न्हाई रस्त्यावरून," ते म्हणाले. त्या भोंग्याचा आवाज सांगता येणार नाही. त्यात तीन सूर होते आणि तिन्हींचं आपसांत जमत नव्हतं. पण मानवत-पाथरीच्या बाजूला तो आवाज माणसांना पाठ होता. रविवारी आम्ही तो वाजवत निघालो की लोक कापसाच्या शेतातून पिशवी घेऊन पळत यायचे. एका आजीने तर गाडीपुढे हात जोडले. जुन्या जीपनेच हा अवतार घेतलाय, असं तिला वाटलं असावं.

मी किती दिवस सहन करणार? एका रविवारी बाभळीपाशी आबा नेहमीप्रमाणे पट्ट्याकडे हात नेत म्हणाले, "थांब, सीट हाय," आणि माझा स्वतःवरचा ताबा सुटला.

"नाही थांबणार," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून गेलो होतो.

"आरं, मानूस उबा हाय."

"असू दे. जगातली सगळी माणसं उभीच असतात, आबा. त्यांना एसटी आहे, रिक्षा आहेत, जीपा आहेत. मी ही गाडी त्यांच्यासाठी घेतली नाही. मुद्दाम दोन सीटची घेतली, तुमच्या शेजारी बसायला. लहानपणी टपावर बसवलंत, तिथून तुमचं कोपर दिसायचं. आता म्हातारपणी तरी दहा मैल सोबत बसा म्हटलं, तर तुम्ही बाभळीला उतरता आणि मला शेळी देता."

एवढं मी कधी एका दमात बोललो नव्हतो. बोलता बोलता गाडी बंद पडली होती, तेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आबांनी अगदी खऱ्याखुऱ्या कुतूहलाने विचारलं, "शेजारी बसून करायचं काय?"

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उतरून बॉनेट उघडलं. तोवर तो बाभळीखालचा माणूस चालत आमच्यापर्यंत आला होता. त्याने काही न विचारता मागून धक्का द्यायला सुरुवात केली. गाडी सुरू झाली. मग त्याला कसं सोडणार? आबा उतरले, तो बसला, मी त्याला मानवतला पोचवला. वाटेत तो मला सांगत होता की, तुमचे वडील म्हणजे देवमाणूस.

त्या आठवड्यात आबा माझ्याशी फारसं बोलले नाहीत. ओट्यावर बसायचे, पण रिक्षांना नावं ठेवत नव्हते. मला वाटलं, संपलं. आपण हट्ट केला आणि म्हातारा पुन्हा खुर्चीत गेला. बायको म्हणाली, "बोललात ते बरोबर बोललात. पण त्यांनी एवढ्या हौसेने बसवलेल्या भोंग्याला तरी चांगलं म्हणायचं होतं." मी स्वतःवर भयंकर चिडलो. गाडी विकून टाकावी असंही दोन वेळा मनात आलं. दंतवैद्याला फोन लावायचंच बाकी होतं.

रविवार आला. मी मुद्दाम उशिरा उठलो. बाहेर आलो तर आबा गाडीत बसलेले. एकटेच, कुणीही न धरता खाली उतरून बसले होते. टोपी आधीच काढून मांडीखाली दाबलेली.

"चल की," ते म्हणाले. "ऊन व्हायलंय."

मी निघालो. गतिरोधकावर त्यांनी डोळे मिटले नाहीत, गिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही. गाव मागे पडलं. बाभळ आली, तिथे सुदैवाने कुणी नव्हतं, आणि गेली. मी इतक्या दूरपर्यंत आबांना शेजारी घेऊन प्रथमच आलो होतो, आणि खरंच, शेजारी बसून करायचं काय ते मलाही कळेना. आम्ही दोघेही समोर बघत होतो. मानवत गेलं. आबा एकदाच बोलले. "हितं तुझी आई उतरायची, माहेरला जाताना," ते म्हणाले, आणि बोट न दाखवता मानेने एका लिंबाच्या झाडाकडे खूण केली. मी त्या झाडाजवळून जन्मभर गेलो होतो आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे आमच्या गावचा फाटा. फाट्यावर काठी, घोंगडी आणि शेळी. म्हाताऱ्याने आम्हाला लांबूनच बघितलं आणि हात करायच्या भानगडीत न पडता सरळ शेळी उचलून छातीशी धरली. गाडी घरचीच होती ना. मीही सवयीने ब्रेकवर पाय ठेवला. आता आबा उतरणार, हे मला ठाऊक होतं. मनातल्या मनात मी टोपी काढून शेळीपासून दूर, सीटखाली सारलीसुद्धा.

"काय झालं?" आबा म्हणाले.

"काय म्हणजे? ते उभे आहेत ना."

"कोन?" आबा सरळ समोर बघत म्हणाले. म्हातारा हाताच्या अंतरावर आला होता, शेळीच्या दाढीचे केससुद्धा मोजता आले असते. "मला तर कुनी दिसंना. डोळे पयल्यासारखे न्हाई राहिले आता. चल, चालव."

माझा पाय ब्रेकवरच होता.

"चालव म्हनलं की. गाडी बंद पडंल."

मी गिअर टाकला. आरशात म्हातारा शेळी छातीशी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिलेला दिसला, तोंड उघडं. मग त्याला सगळा प्रकार समजला असावा, कारण त्याने आमच्या घराण्याचा उद्धार सुरू केला. आवाज मोठा होता, टप नव्हता, आणि वाऱ्याची दिशा आमच्याकडेच होती. आबांच्या सात पिढ्या झाल्या, जीप झाली, भोंगा झाला. आबांचे कान लालभडक झाले होते, पण त्यांनी मान वळवली नाही. फाटा मागे पडेपर्यंत ते दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसले होते.

मग हळूच त्यांनी डावं कोपर दाराबाहेर काढलं.

"पाथरीला चहा पिऊ," ते म्हणाले, "आन् येताना मी फाट्याला उतरतो, तू त्याला पोचवून ये."

"कुणाला? तुम्हाला तर कुणी दिसलं नव्हतं."

"तू गुमान गाडी चालव," आबा म्हणाले.